हमीपत्राखालचा अंगठा

हिंगणघाट तालुक्यातल्या खेड्यांत, आणि खरे तर वर्धा जिल्ह्यात सगळीकडेच, संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून किंवा श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून दरमहा खात्यावर जमा होणाऱ्या रकमेला लोक अनुदान म्हणत नाहीत. ते तिला ‘पगार’ म्हणतात. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेली माणसे आणि पासष्टी ओलांडलेले वृद्ध यांच्या बोलण्यात हा शब्द पुरता मुरलेला आहे, आणि ‘पगार बंद झाला’ या तीन शब्दांत एखाद्या घराचे किराण्याचे, औषधाचे आणि उधारीचे सगळे गणित मोडल्याची वार्ता सामावते. कायद्याच्या भाषेत मात्र पगार आणि अनुदान यांत मोठे अंतर आहे. पगार हा केलेल्या कामाचा मोबदला असतो. अनुदान हे ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्यालाच द्यायचे सार्वजनिक धन असते, त्यामुळे अट मोडली की ते थांबते, अट पहिल्यापासूनच पूर्ण होत नव्हती असे निघाले की ते परत मागितले जाते, आणि अट पूर्ण होत नसल्याचे ठाऊक असूनही खोटे सांगून ते उचलले असेल तर उचलणारा आरोपी ठरू शकतो. थांबवणे, वसूल करणे आणि शिक्षा देणे या तीन निराळ्या कृती आहेत. त्यांचे नियम वेगळे, त्या करणारी कार्यालये वेगळी आणि पुराव्याची कसोटीही वेगळी. तरीही नोटीस हातात पडलेल्या माणसाला त्या तिन्ही एकाच दिवशी अंगावर आल्यासारख्या वाटतात, आणि पुष्कळदा नोटीस काढणाऱ्या कार्यालयालाही त्यांतला फरक जपावासा वाटत नाही.

वर्तमानपत्रांत आणि सरकारी बैठकांत रुळलेला ‘बोगस लाभार्थी’ हा शब्द कोणत्याही कायद्यात नाही. तो एकाच वेळी अगदी भिन्न माणसांना चिकटवला जातो. ज्याने दुसऱ्याच्या आधार क्रमांकावर स्वतःचे बँक खाते जोडले तोही बोगस, आणि जिच्या नावावर अर्जाच्या वेळी काहीच नव्हते पण पुढे मुलाला नोकरी लागली व ते कळवायचे राहून गेले तीही बोगस. कार्यालयाच्या चुकीने दोन योजनांचे पैसे ज्याच्या खात्यात पडत राहिले, त्या अक्षरओळख नसलेल्या वृद्धालाही हाच शब्द लागतो. शब्द एक झाला की वागणूकही एक होते. फौजदारी कायदा मात्र या तिघांकडे एका नजरेने पाहत नाही, पाहूही शकत नाही, कारण त्याचा पहिला प्रश्न ‘पैसे कोणाच्या खात्यात गेले’ हा नसून ‘मनात अप्रामाणिक हेतू होता का, आणि तो केव्हापासून होता’ हा असतो.

वणा नदीकाठचे हिंगणघाट हे कापसाचे गाव. एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे केवळ गावाचे नव्हे तर कापसाच्या एका नामांकित प्रतीचे नाव होते, आणि त्या काळी कापसात हलका माल, माती किंवा पाणी मिसळण्याचे प्रकार इतके वाढले होते की मुंबई सरकारला १८६३ साली कापसातील लबाडी रोखण्यासाठी खास कायदा करावा लागला. आज कापसाच्या गाठीपेक्षा कागदात भेसळ करणे सोपे झाले आहे. भारतीय कापूस महामंडळ, ज्याला बाजारात सगळे ‘सीसीआय’ म्हणतात, शेतकऱ्याकडून हमीभावाने कापूस घेते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. खुल्या बाजारातला भाव जेव्हा जेव्हा हमीभावाच्या बराच खाली उतरतो, तेव्हा गावोगाव फिरून ‘खेडा खरेदी’ करणाऱ्या व्यापाऱ्याला स्वस्तात घेतलेला कापूस एखाद्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर सीसीआयला घालण्याचा मोह होतो. पैसे शेतकऱ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, तो ते काढून व्यापाऱ्याच्या हाती देतो आणि क्विंटलमागे थोडे पैसे ठेवून घेतो. शेतकऱ्याला यात फक्त सातबारा ‘वापरायला दिल्या’सारखे वाटते, कायद्याला मात्र त्याच्या सहीने एका सार्वजनिक संस्थेची फसवणूक झालेली दिसते, आणि चौकशी लागली की कागदावर नाव असते ते त्याचेच, व्यापाऱ्याचे नव्हे. लाभाच्या गैरव्यवहारातले हे सूत्र सर्व योजनांत पुन्हापुन्हा आढळते: ज्याचा फायदा मोठा त्याचे नाव कागदावर सापडत नाही, आणि ज्याचा अंगठा सापडतो त्याच्या वाट्याला त्या व्यवहारातले फार थोडे आलेले असते.

निराधार योजनेच्या उत्पन्न-मर्यादेचा हिशेब एकदा जवळून करून पाहण्यासारखा आहे. या योजनेत जुलै २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळू लागले, पण दिव्यांगांखेरीज इतर अर्जदारांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ २१,००० रुपयेच राहिली. म्हणजे अख्ख्या कुटुंबाने महिन्याला १,७५० रुपयांत जगायचे. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने कुटुंबातल्या एका माणसाने वर्षाचे हमी दिलेले शंभर दिवस काम केले तर ३१,२०० रुपये होतात. सरकारनेच हमी दिलेली मजुरी पूर्ण घेणारे घर सरकारच्याच व्याख्येत निराधार उरत नाही. अशा स्थितीत तहसील कार्यालयातून मिळणारा २१,००० रुपयांचा उत्पन्नाचा दाखला हा बहुतेक वेळा वस्तुस्थितीचे वर्णन नसून योजनेत शिरण्याचे प्रवेशपत्र होऊन बसतो. अर्जदार तेवढा आकडा सांगते, तलाठी (२०२४ पासून ज्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे) अहवाल देतात, सेतू केंद्रातला मुलगा संगणकात तो भरतो, आणि या साखळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते की हा आकडा खरा असता तर ते कुटुंब तगले नसते. खोटे बोलल्याशिवाय जी अट पूर्णच करता येत नाही, ती अट घालणाऱ्या शासनाला पुढे त्या खोट्यावर फौजदारी करण्याचा नैतिक अधिकार किती, हा प्रश्न विचारणे भाग आहे. न्यायालयात हा प्रश्न बचाव म्हणून चालत नाही, पण शिक्षा ठरवताना आणि वसुलीला हप्ते पाडून देताना तो नजरेआड करणे अन्यायाचे आहे.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेने हा सगळा विषय कोट्यवधी घरांपर्यंत नेला. २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने ही योजना आली, २१ ते ६५ वयाच्या महिलांना दरमहा १,५०० रुपये देण्याचे ठरले, आणि अर्ज १ जुलै २०२४ पासून सुरू झाले. नेमक्या त्याच दिवशी १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता देशात लागू झाली. त्यामुळे या योजनेतले पहिले हमीपत्रसुद्धा नव्या कायद्याच्या कक्षेत पडते, तर निराधार किंवा पीएम-किसानच्या जुन्या प्रकरणांत खोटे निवेदन ज्या तारखेला केले त्या तारखेचा कायदा, म्हणजे अनेकदा जुनी दंड संहिता, लागू होतो. हमीपत्र म्हणजे अर्जदाराने स्वतःच्या जबाबदारीवर केलेले लेखी निवेदन. लाडकी बहीण योजनेच्या हमीपत्रात एकामागून एक वाक्ये छापलेली होती आणि प्रत्येकापुढे खूण करायची चौकट होती: कुटुंबाचे एकत्रित वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा अधिक नाही, कुटुंबात कोणी आयकरदाता नाही, कोणी सरकारी सेवेत नाही, कोणाच्या नावे ट्रॅक्टर सोडून चारचाकी वाहन नाही. पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड असलेल्या घराला उत्पन्नाचा वेगळा दाखला लागत नव्हता, म्हणून लाखो अर्जांत उत्पन्नाचा एकमेव पुरावा म्हणजे हे हमीपत्रच होते. अंगणवाडी सेविका आणि अर्ज भरून देणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांना प्रत्येक पात्र अर्जामागे ५० रुपये प्रोत्साहन भत्ता ठरलेला होता आणि मुदत जवळ होती. अशा घाईत चौकटींवर खुणा कोणी केल्या, वाक्ये कोणी वाचून दाखवली आणि ‘कुटुंब’ म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले एवढेच, की एका चुलीवर जेवणारे सगळे, हे कोणी समजावले, याची नोंद कुठेही नाही. खाली सही किंवा अंगठा मात्र त्या बाईचा आहे.

जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी जाहीर केले की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याची माहिती मिळाल्याने जून २०२५ पासून त्यांचा लाभ तात्पुरता स्थगित केला आहे. त्याच सुमारास १४,२९८ पुरुषांच्या खात्यांत या योजनेचे पैसे गेल्याचेही उघड झाले, आणि त्याआधी मे महिन्यात २,२८९ महिला शासकीय कर्मचारी लाभार्थी असल्याचे सरकारने मान्य केले होते. हे तिन्ही आकडे एकाच मथळ्याखाली छापले गेले, पण त्यांतली माणसे कायद्यापुढे एका रांगेत उभी नाहीत. सरकारी नोकरीत असताना ‘कुटुंबात कोणी सरकारी सेवेत नाही’ या चौकटीवर खूण करणाऱ्या कर्मचाऱ्याला आपण खोटे लिहीत आहोत हे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही, आणि तिच्यावर १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियमांखाली विभागीय चौकशीही होऊ शकते. उलट, एकाच घरातल्या तिसऱ्या महिलेने अर्ज केला म्हणून वगळली गेलेली सून, किंवा पासष्ट वर्षे पूर्ण झाल्यावरही खात्यात पैसे येत राहिलेली वृद्धा, यांच्या बाबतीत फसवणुकीचा हेतू सिद्ध करणे जवळजवळ अशक्य आहे, आणि तसा आरोप करणेही अयोग्य आहे. जानेवारी २०२५ पर्यंत अपात्र ठरलेल्या सुमारे पाच लाख महिलांकडून आधी दिलेले पैसे परत घेणार नाही, हे सरकारने जाहीर केले होते; तो निर्णय योग्य होता, आणि त्यामागचे तत्त्व इतर योजनांनाही लागू करायला हवे होते.

फौजदारी बाजू थोडी सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण अफवा आणि भीती सर्वांत जास्त तिथेच आहेत. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचे आहे. जुन्या संहितेतले कलम ४२०, जे मराठीत शिवी होऊन बसले, ते आता ३१८ च्या पोटकलम (४) मध्ये आहे आणि त्याची कमाल शिक्षा पूर्वीप्रमाणेच सात वर्षे कारावास व दंड अशी आहे. दुसऱ्याचे सोंग घेऊन, म्हणजे तोतयेगिरीने, फसवल्यास कलम ३१९ खाली पाच वर्षांपर्यंत, आणि फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज तयार केल्यास कलम ३३६ (३) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बनावट दाखला खरा म्हणून वापरणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा तीन वर्षांहून अधिक आहे त्याला मुदतीचे बंधन नाही, त्यामुळे ‘जुने प्रकरण आहे, आता काही होत नाही’ हा गावातला दिलासा खोटा आहे. मात्र फसवणूक ठरण्यासाठी अप्रामाणिक हेतू लाभ घेण्याच्या क्षणी, म्हणजे अर्जाच्या वेळीच, असावा लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा स्पष्ट केले आहे. अर्ज करताना पात्र असलेली बाई पुढे अपात्र झाली आणि तिने कळवले नाही, तर सरकारी पक्षाला तिने ती गोष्ट अप्रामाणिकपणे दडवली हे दाखवावे लागते. नुसते न कळवणे आणि दडवणे यांत फरक आहे, आणि तो फरक अशा खटल्याचा कणा असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सातारा जिल्ह्यात वेगवेगळे आधार क्रमांक वापरून लाडकी बहीण योजनेचे सुमारे ३० अर्ज एकाच घरातून भरल्याचा जो प्रकार उघडकीस आला, तशा प्रकरणी हेतूबद्दल फारसा वाद उरत नाही. हिंगणघाटच्या एखाद्या खेड्यातल्या एका अर्जाची गोष्ट तशी नसते.

गुन्हा नोंदवला गेला की लगेच अटक होते, हा दुसरा सार्वत्रिक समज. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आपोआप अटक करू नये, अटकेची गरज का आहे याची कारणे लेखी नोंदवावीत आणि गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावले. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही नोटीस कलम ३५ (३) खाली दिली जाते. नोटीस पाळून पोलीस ठाण्यात हजर राहणाऱ्याला, पुढे विशेष कारण लेखी नोंदवल्याशिवाय, अटक करता येत नाही. नोटीस घेऊन गावाबाहेर नातेवाइकांकडे जाऊन राहणारा मात्र स्वतःच अटकेचे कारण पुरवतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, आणि कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. याउलट तहसील कार्यालयात ‘मी चुकीची माहिती दिली, पैसे परत करतो’ असे जे लिहून घेतले जाते ते पोलिसांपुढचे बयाण नसल्याने पुढे वापरले जाऊ शकते. म्हणून असा कागद लिहून देण्यापूर्वी वकिलाला विचारणे शहाणपणाचे असते. हिंगणघाटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे, तिथेच अतिरिक्त सत्र न्यायालयही आहे, आणि त्यापुढचा मार्ग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जातो. त्यामुळे वर्ध्याला न जाताही खटला आणि पहिले अपील ही दोन्ही कामे गावातच चालू शकतात, ही पन्नास-शंभर रुपयांच्या तिकिटाचाही विचार करणाऱ्या घरासाठी लहान गोष्ट नाही. दोष सिद्ध झाला तरी तुरुंग अटळ नसतो. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्या व्यक्तीला ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा अधिकार न्यायालयाला दिला, आणि त्याच्या तिसऱ्या कलमात ताकीद देऊन सोडता येईल अशा गुन्ह्यांत जुन्या ४२० चा नावानिशी उल्लेख आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गरजेपोटी चुकलेला माणूस होता, हे त्यावरून दिसते. पैसे परत केल्याने गुन्हा पुसला जात नाही, पण जामीन, शिक्षेचे प्रमाण आणि न्यायालयाच्या परवानगीने होऊ शकणारी तडजोड या तिन्ही बाबतींत त्याचे वजन पडते.

वसुली हा वेगळा रस्ता आहे आणि तो न्यायालयातून नव्हे, महसूल कार्यालयातून जातो. पीएम-किसान योजनेत, जिथे २०१९ पासून पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात, आयकर भरणारे, सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून) आणि दरमहा १०,००० रुपये किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारे अपात्र आहेत. आयकर विभागाच्या माहितीशी यादी जुळवल्यावर राज्यभर तहसीलदारांनी अशा शेतकऱ्यांना परतफेडीच्या नोटिसा काढल्या. बँकेच्या कर्जासाठी कोणीतरी सांगितले म्हणून एकदा आयकर विवरणपत्र भरलेले काही जणही त्यांत सापडतात. रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करण्याचा आदेश झाला की १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतले उपाय लागू होतात: आधी मागणीची नोटीस, मग जंगम मालमत्तेची जप्ती व विक्री, मग स्थावर मालमत्तेवर टाच. जप्तीच्या भीतीने घरातली भांडी नातेवाइकांकडे नेऊन ठेवणाऱ्यांना हे माहीत नसते की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची शेतीची अवजारे आणि धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने जप्तीतून वगळले आहेत, आणि महसुली वसुलीतही या संरक्षणाचा आधार घेता येतो. या सगळ्याच्या आधी, संबंधिताचे म्हणणे ऐकून घेणे ही नैसर्गिक न्यायाची पहिली अट आहे. ऐकून न घेता काढलेला वसुलीचा आदेश वरिष्ठांपुढे टिकू नये. शासनाच्या चुकीने जादा दिलेले पैसे परत घेण्यालाही मर्यादा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या रफिक मसीह निकालात तृतीय व चतुर्थ श्रेणी कर्मचारी आणि निवृत्त कर्मचारी यांच्याकडून, त्यांची काही लबाडी नसताना, अशी वसुली करू नये असे ठरवले. तो निकाल नोकरवर्गापुरता आहे. पण कारकुनाला जी दया मिळते ती निराधार विधवेला का मिळू नये, याचे सरळ उत्तर कोणाकडे नाही.

लाभ गमावणे आणि गुन्हेगार ठरणे यांतला फरक विदर्भाने एका फार मोठ्या आणि वेदनादायी प्रकरणात पाहिला आहे. नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या विणकर कोष्टी समाजातल्या हजारो जणांनी स्वतःला हलबा किंवा हलबी या अनुसूचित जमातीचे म्हणवून, शासनाच्याच जुन्या परिपत्रकांच्या आणि महसुली दाखल्यांच्या आधारे शिक्षण व नोकऱ्या मिळवल्या. नोव्हेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद’ या निकालात सांगितले की राष्ट्रपतींच्या आदेशातल्या यादीत न्यायालय भर घालू शकत नाही आणि हलबा-कोष्टी हे अनुसूचित जमातीत येत नाहीत. मात्र ज्याने वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले होते त्याची पदवी न्यायालयाने काढून घेतली नाही. पुढे ६ जुलै २०१७ रोजी जगदीश बहिरा प्रकरणात याच न्यायालयाने भूमिका कठोर केली: जातीचा दावा अवैध ठरला तर महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम १० खाली लाभ काढून घेतला जाईल आणि त्यासाठी अप्रामाणिक हेतू सिद्ध करण्याची गरज नाही, हेतूचा प्रश्न येतो तो कलम ११ खालच्या शिक्षेपुरता, जी सहा महिने ते दोन वर्षे कारावासाची आहे. एवढी स्वच्छ विभागणी अन्यत्र क्वचितच सापडते. यानंतर राज्य शासनाने २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना लगेच घरी न पाठवता ‘अधिसंख्य पदांवर’, म्हणजे मंजूर संख्येबाहेर निर्माण केलेल्या तात्पुरत्या पदांवर, अकरा महिन्यांसाठी नेमले. खऱ्या आदिवासी उमेदवारांच्या जागा अडल्या हा आदिवासी संघटनांचा आक्षेप खरा आहे आणि गंभीर आहे. तरी त्या निर्णयातून एवढे सिद्ध झाले की इच्छा असेल तर शासन ‘तुरुंग’ आणि ‘माफी’ यांच्या मधला रस्ता काढू शकते. फक्त तो रस्ता संघटित कर्मचाऱ्यांसाठी निघाला, विखुरलेल्या निराधारांसाठी कधी निघाला नाही.

दिव्यांगांच्या बाबतीत कायदा अधिक थेट आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम ९१ म्हणते की दिव्यांगांसाठी असलेला लाभ लबाडीने घेणाऱ्याला किंवा घेण्याचा प्रयत्न करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रतिष्ठित माणसाच्या हातून असा गुन्हा घडल्याचा ठपका आला की कायदा कोणत्या गतीने चालतो, हे नाशिकच्या एका प्रकरणाने दाखवले. मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकारातल्या दहा टक्के कोट्यातून अल्प उत्पन्न गटासाठीच्या सदनिका मिळवताना आपले उत्पन्न कमी आहे आणि आपल्याकडे दुसरे घर नाही अशी खोटी माहिती दिल्याची तक्रार माजी मंत्री तुकाराम दिघोळे यांनी १९९५ मध्ये माणिकराव कोकाटे व त्यांच्या बंधूंविरुद्ध केली होती. नाशिकच्या न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२५ रोजी, म्हणजे तक्रारीनंतर जवळजवळ तीस वर्षांनी, दोघांना दोन वर्षे कारावास व ५०,००० रुपये दंड सुनावला. तेव्हा कोकाटे राज्याचे कृषिमंत्री होते. डिसेंबर २०२५ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा कायम केली, त्यांनी मंत्रिपद सोडले, उच्च न्यायालयाने शिक्षेची अंमलबजावणी थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयाने आमदारकी जाण्यापुरती दोषसिद्धीला स्थगिती दिली. प्रत्येक आरोपीला असलेले हक्कच त्यांनी वापरले आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की तेच हक्क हिंगणघाटच्या निराधार बाईपर्यंत पोहोचत नाहीत. तिच्या बाबतीत ना तीस वर्षे लागतात ना तीस दिवस. एका सकाळी खात्यात पैसे येत नाहीत, बँकेतला कर्मचारी ‘तहसीलमध्ये विचारा’ म्हणतो, तहसीलमध्ये ‘पोर्टलवरून बंद झाले’ असे उत्तर मिळते, आणि ज्या आदेशाविरुद्ध अपील करायचे तो आदेशच कागदावर हाती येत नाही.

संगणकावर विसंबून गरिबांना चोर ठरवण्याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या किरकोळ कागदी त्रुटींवरून हजारो पालकांना लबाड ठरवून पूर्ण रक्कम वसूल केली गेली, अनेक घरे उद्ध्वस्त झाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात वर्षाच्या उत्पन्नाची सरासरी काढून लाभार्थ्यांवर कर्ज दाखवणारी ‘रोबोडेट’ योजना बेकायदा ठरली आणि तिच्यावरील शाही आयोगाने जुलै २०२३ मध्ये सरकारी यंत्रणेवर कडक ताशेरे ओढले. महाराष्ट्रात २०२५ च्या अखेरीस लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत, म्हणजे आधार आणि मोबाइलवर आलेल्या सांकेतिक क्रमांकाने ओळख पटवण्याच्या प्रक्रियेत, नकारार्थी घडणीचे प्रश्न विचारले गेल्याने असंख्य महिलांकडून चुकीचा पर्याय निवडला गेला, आणि पुढे अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करण्याची वेळ आली. ‘नाही’ म्हणायचे तिथे ‘होय’ दाबणे हा गुन्हा नव्हे. प्रश्न नीट न विचारणाऱ्याच्या दोषाचे ओझे उत्तर देणाऱ्यावर टाकता येत नाही, आणि हे तत्त्व शासनाने पडताळणीनंतर नव्हे, पैसे थांबवण्याआधी पाळायला हवे.

ज्याने खरोखर लबाडी केली त्याला शिक्षा व्हावी, याबद्दल हिंगणघाटच्या कोणत्याही मजुराचे दुमत नसते. उलट खऱ्या निराधाराचा अर्ज तालुका समितीपुढे महिनोन्महिने पडून असताना बागायतदाराच्या घरात पगार जातो, हे तोच सर्वांत आधी बोलून दाखवतो. पण ती शिक्षा कोणाला आणि कशासाठी हे ठरवताना दाखला देणारा अधिकारी, पैसे घेऊन अर्ज भरणारा दलाल आणि अंगठा उठवणारी लाभार्थी या तिघांची जबाबदारी वेगवेगळी मोजावी लागते. खोटा आहे हे ठाऊक असून दाखला देणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहिता आणि १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा ही दोन्ही लागू होऊ शकतात; त्या कलमांखाली तालुक्याच्या ठाण्यांत किती गुन्हे नोंदवले जातात, आणि लाभार्थ्यांवर किती, हे दरवर्षी प्रसिद्ध झाले तर या विषयावरची निम्मी चर्चा बदलेल.

नोटीस मिळालेल्या माणसाने करायच्या गोष्टी थोड्या पण ठाम आहेत. नोटीस नाकारू नये. तिची तारीख लिहून ठेवावी. उत्तर लेखी द्यावे आणि आपल्या प्रतीवर कार्यालयाचा आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. लाभ बंद केल्याच्या किंवा वसुलीच्या आदेशाची प्रत मागावी. सुनावणीची मागणी उत्तरातच नोंदवावी. आणि पैसे परत करायचे असतील तर ते दलालाच्या हाती न देता शासनाच्या खात्यात चलनाने भरून पावती जपावी, कारण ‘साहेबांना देतो’ म्हणून घेतलेल्या परतफेडीची दुसरी फसवणूकही अशाच घरांत होते. यातले काहीही एकट्याने करण्याची सक्ती नाही. राज्यघटनेच्या कलम ३९-क ला अनुसरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, आणि त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना, उत्पन्न कितीही असले तरी, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तहसीलमधली नोटीस असो की न्यायालयातला खटला. तालुका विधी सेवा समिती त्यासाठीच आहे, तालुक्यातल्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली ती चालते, आणि तिच्याकडे जायला दलाल लागत नाही. तहसील कार्यालयातून निघणाऱ्या प्रत्येक वसुलीच्या नोटिशीच्या तळाशी, सहीच्या वर, त्या समितीचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत छापावा.